जुन्या ८०० मध्ये ९५ ऑक्टेन टाकून फरक पडतो का? कन्नड घाटात गाडी खडखडते

गिरणाकाठ (भडगाव)

राम राम मंडळी, मदत हवी आहे. आबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, पासिंग २०२८ पर्यंत करून ठेवलंय कारण आबा विकू देत नाहीत. गावात पळते चांगली, पण मागच्या महिन्यात मावशीकडे कन्नडला गेलो, चाळीसगाव सोडलं आणि घाट लागला तर थर्डला गाडी दम टाकायला लागली आणि इंजिनातून आवाज, पत्र्याच्या डब्यात हरभरे टाकून हलवल्यासारखा. पाय उचलला की बंद, परत दाबला की परत चालू. चार माणसं, दुपारचा एक, बाहेर ४४ डिग्री. अ‍ॅव्हरेज पण १६ वरून १३ वर आलाय.

चाळीसगावच्या पंपावरचा पोरगा म्हणे जुन्या गाडीला ९५ टाका, पिकअप वाढतो. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देऊन दोनदा टाकी फुल केली. पहिल्या वेळी वाटलं आवाज कमी झाला, दुसऱ्या वेळी तसाच. आबा म्हणताहेत पैसे जाळू राहिला तू. खरंच काही होतं का याने की नुसतं मनाचं समाधान?

केळीवाला रावेर

आबा बरोबर बोलू राहिले 😄

भुसावळ_मेस्तरी

भाऊ, मी ३० वर्षं या लाइनीत आहे, थोडं लांबण लावतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. पेट्रोल दाबलं, तापलं तरी ठिणगी पडायच्या आधी किंवा भडका पूर्ण पसरायच्या आधी आपलं आपण पेटायचं नाही, हा जो त्याचा सोसायचा गुण तो ऑक्टेन. ९५ च्या लिटरमध्ये साध्या ९१ वाल्यापेक्षा जास्त दम भरलेला नसतो. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त किंवा टर्बो आहे, नॉक सेन्सर (हा खडखडाट ओळखणारा) आहे, त्याचा कॉम्प्युटर चांगलं पेट्रोल मिळालं की टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी लवकर टाकतो, तिथे फरक लागतो. तुमच्या ८०० चं कॉम्प्रेशन नऊला एकच्या आसपास, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. तिला काय टाकलंय ते कळतच नाही. ही गाडी आली तेव्हा आपल्याकडे पेट्रोल ८७-८८ चं होतं, त्यात शिसं पण असायचं, ते देशभर बंद झालं २००० च्या फेब्रुवारीत. त्या पेट्रोलवर ती हाच घाट चढायची की नाही?

म्हणून ९५ टाकून पण हरभरे वाजतात तर दोष पेट्रोलचा नाही. बहुतेक कोणीतरी पिकअपसाठी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा) फिरवून टायमिंग अ‍ॅडव्हान्स करून ठेवलंय, नाहीतर पिस्टनवर कार्बन साचलाय. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन आणि त्यात घाट, थोडं जरी पुढे असेल तरी वाजणारच. आणि वाजत असताना तसंच दाबून चालवू नका, पिस्टन फुटतो.

नंदुरबारी

त्यात एक भर घालतो, सगळे विसरतात. आता साधं पेट्रोल पण ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या वर, त्यामुळे ई२० चा आकडा ९५ पर्यंत जातो, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणजे भाऊ तुम्ही ९५ सोडून ९५ साठी जादा पैसे देऊ राहिले. प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह असतं ते वेगळं, पण पिकअपच्या नावाखाली ते विकायला नको.

अ‍ॅव्हरेजचं मात्र खरं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई० साठी, म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनलेल्या चारचाकींचा अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के घटेल असं लिहिलेलं आहे. १६ चा १५ होईल, १३ नाही. उरलेला कुठे गेला ते शोधा.

धुळेकर_टर्बो

मी माझ्या टर्बो गाडीत ९५ टाकतो, लळिंग घाटात चांगला फरक वाटतो. अनुभव आहे.

भुसावळ_मेस्तरी

टर्बो आहे म्हणूनच. दादा, तुमची गाडी आणि त्यांची ८०० एका काट्यावर तोलू नका.

केळीवाला रावेर

आणि ते १०० वालं? पुण्याला मिळतं ना, दीडशेच्या वर लिटर. ते टाकून घाट चढवा, मावशीला आंब्याऐवजी पेट्रोल न्या.

चोपड्याची ताई

पहिले प्लग देखा भाऊ, मंग पेट्रोलनं देखू. तिन्ही प्लग काढा आणि टोक बघा. वीटकरी रंग म्हणजे ठीक. पांढरट म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, ई२० मुळे कार्बोरेटरच्या गाड्यांत हे होतं, कारण जेट (पेट्रोल सोडायचं बारीक भोक) आपोआप बदलत नाही. काळे कुळकुळीत असतील तर उलटं. माझ्या मिस्टरांचं गॅरेज आहे, हिशोब मी बघते, प्लग पण मीच बघते.

गिरणाकाठ

ताई, काढले आत्ता. तिन्ही काळे. बोटाला काजळी लागतेय.

चोपड्याची ताई

एअर फिल्टर बघा. गाडी कुठे लावता?

गिरणाकाठ

कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून.

चोपड्याची ताई

झालं मग.

गिरणाकाठ

आठ दिवसांनी अपडेट देतोय, उशीर झाला, घरी लग्न होतं.

फिल्टरचं झाकण उघडलं तर आत कापसाच्या धुसाची अशी गादी बसलेली की वरून कागद दिसतच नव्हता, उशी शिवता आली असती. कधी बदलला ते आबांना आठवेना, मला तर त्याहून नाही. चाळीसगावला एक म्हातारे मेस्तरी आहेत, त्यांच्याकडे टायमिंग लाइट अजून आहे. त्यांनी पुलीवर लाइट मारला आणि हसले, खूण कुठच्या कुठे होती. मागे ज्याच्याकडे गाडी टाकली होती त्याने नुसतं कानाने सेट केलेलं, भुसावळच्या भाऊंनी घरबसल्या ओळखलं. मग कॉम्प्रेशन पाहिलं, दोन सिलेंडरला दीडशेच्या वर आणि तिसऱ्याला एकशे दहा. मला वाटलं संपलं, इंजिन बांधायला आलं. पण म्हाताऱ्याने टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे) पाहिले, तिसऱ्याचा एग्झॉस्टचा टॅपेट टाइट होता, व्हॉल्व्ह नीट बसतच नव्हता. गॅप दिला, परत मोजलं तर एकशे चाळीस. फिल्टर, तीन प्लग आणि मजुरी धरून सतराशे रुपये.

काल मुद्दाम दुपारीच घाटात नेली, साधंच पेट्रोल टाकून. थर्डला अजून दम लागतो, पण तिच्याकडे ३७ घोडेच आहेत, चार माणसांना किती ओढणार. सेकंडला टाकली, पार वर म्हसोबापर्यंत एकदाही वाजली नाही. आबा पुढच्या सीटवर खिडकीला कान लावून बसले होते. अ‍ॅव्हरेज टाकी संपली की सांगतो.

आता एकच राहिलं. मेस्तरींनी पेट्रोलचा रबरी पाइप दाखवला, दाबला की बारीक चिरा दिसतात आणि बाहेरून ओलसर आहे. म्हणाले इथेनॉल सोसणारा पाइप आणा, साधा टाकला तर वर्षभरात परत हेच. जळगावात दाणा बाजाराच्या बाजूला दोन दुकानांत विचारलं, दोघांनी काळा पाइप पुढे केला, लिहिलेलं काहीच नाही. कुठे मिळेल खात्रीचा? साधारण दीड मीटर लागेल.