शब्दचर्चा : सायबरयुद्ध, सायबर हल्ला की घातपात?

गारवेल :
आमच्या फिल्म क्लबात 'झीरो डेज' दाखवायचं ठरलंय. अलेक्स गिबनीचा 2016 सालचा माहितीपट. इराणमधल्या नतांझच्या युरेनियम प्रकल्पात घुसलेल्या स्टक्सनेट या घातक संगणकी प्रोग्रामवरचा. मराठी उपशीर्षकं माझ्याकडे आली आहेत. निम्मं काम झालंय, पण 'सायबर वॉरफेअर' आलं की हात अडतो. 'सायबरयुद्ध' लिहून पाहिलं. युद्ध म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चढाई, वेढा, तह असं काहीतरी येतं. इथे तर पहिल्या काही मिनिटांत एकामागून एक बडे अधिकारी येतात आणि सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट! बरं, 'सायबर हल्ला' लिहावं तर पेपरात ओटीपी विचारून कुणाचं खातं रिकामं केलं तरी तो सायबर हल्लाच असतो. काही सुचवाल का?

चिरेबंदी :
सायबरयुद्ध रूढ आहे, तेच ठेवा. फारच खटकत असेल तर आपला अस्सल शब्द आहे की, गनिमी कावा. छोटी फौज, अचानक छापा, मोठ्या शत्रूची दाणादाण. डिजिटल गनिमी कावा. मस्त वाटेल.

तळटीप :
चिरेबंदी, राग मानू नका, पण गनिमी कावा इथे दोन्ही अंगांनी चुकतो. एक तर स्टक्सनेटमागे छोटी फौज नव्हती. 2012च्या जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड सँगर यांची बातमी आली, तीनुसार अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून हे केलं होतं आणि मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'ऑलिंपिक गेम्स'. दोन्ही सरकारांनी उघडपणे ते कबूल केलेलं नाही. म्हणजे बलाढ्य बाजू लपून वार करते आहे. दुसरं असं की, गनिमी काव्यात छापा कुणी घातला हे छापा पडलेल्याला पक्कं ठाऊक असतं. ती दहशत हाच त्यातला अर्धा डाव. इथे वार झालाय हेच मुळात कळू द्यायचं नव्हतं.

मी बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली. रेल्वेचे डबे घसरले, कारखान्यात स्फोट झाला, की आमचा मथळा ठरलेला असायचा : 'अपघात की घातपात?' माझं मत घातपात या शब्दाला. इंग्रजीत ज्याला सॅबोटाज म्हणतात तोच हा. वस्तू मोडते, काम बंद पडतं, करणारा समोर येत नाही, आणि चौकशी पुरी होईपर्यंत तो अपघातही असू शकतो. युद्ध या शब्दात ही शंका मावत नाही.

फीडर :
मी वीजक्षेत्रातला, त्यामुळे माझी थोडी लुडबुड. तळटीपकाकांच्या 'अपघात की घातपात'ला नतांझसारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

तिथली आयआर-1 जातीची सेंट्रिफ्यूज यंत्रं, म्हणजे युरेनियम गाळणारी उभी नळकांडी, सेकंदाला साधारण 1,064 फेरे घेत. मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणांना सीमेन्सच्या पीएलसीकडून हुकूम जाई. पीएलसी म्हणजे कारखान्यातल्या यंत्राला 'आता चालू, आता बंद' सांगणारा छोटा खोका, त्याला पडदा नाही की कीबोर्ड नाही. स्टक्सनेट विंडोजवरून पसरायचं, पण त्याचा नेम या खोक्यावर होता. हवी ती जुळणी सापडली नाही तर ते गप्प बसे. सापडली की आधी काही दिवस नुसतं पाहत राही. मग वारंवारता, म्हणजे सेकंदाचे फेरे, 1,410 हर्ट्झवर नेई, तीही जेमतेम पंधरा मिनिटं, आणि पुन्हा मूळपदावर. त्यानंतर 27 दिवस काही नाही. मग वारंवारता एकदम 2 हर्ट्झवर, सुमारे पन्नास मिनिटं. इतक्या वेगाने फिरणारं नळकांडं असं वर-खाली खेचलं की ते थरथरतं आणि कामातून जातं.

यातला खरा कावेबाजपणा पुढे आहे. हा खेळ चालू असताना नियंत्रण कक्षात आधी टिपून ठेवलेले जुने, ठाकठीक आकडे दाखवले जात. पडद्यावर सगळं आलबेल आणि शेजारच्या दालनात यंत्रं मरताहेत. अशा वेळी इंजिनिअर काय समजेल? सुटे भाग खराब आले असतील, जोडणीत कुणी हलगर्जी केली असेल. शत्रूने युद्ध पुकारलंय असं त्याच्या मनातही येणार नाही.

माहितीपटात सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीचे एरिक चिएन आणि लिअम ओ'मुरचू फुग्याचा प्रयोग दाखवतात, तो प्रसंग नीट बघा. पीएलसीला जोडलेला हवेचा पंप काही सेकंद फुग्यात हवा भरतो आणि थांबतो. मग त्याच खोक्यात बिघडवलेला प्रोग्राम घालतात. पंप थांबतच नाही, फुगा फटकन फुटतो. पूर्ण चित्रपटात घातपात म्हणजे काय हे मला तिथेच दिसलं. बाकी हिरव्या अक्षरांचे पाऊस आणि काळोखातले सर्व्हर, ती सजावट. या विषयावरचे माहितीपट जगाच्या नकाशावर लाल कमानी उडवतात, त्याचा तर मला वैताग येतो. क्षेपणास्त्रं चालल्यासारखं वाटतं. स्टक्सनेट नतांझच्या आत यूएसबी पेनड्राइव्हमधून जाऊ शकत होतं, आणि पेनड्राइव्हची कमान नकाशावर कशी काढणार?

गारवेल :
फीडरदादा, फुग्याचा प्रसंग माझ्या वाट्याच्या उरलेल्या अर्ध्यात आहे, आता तिथे जपून लिहीन. पण काका, निवेदक अगदी आग्रहाने 'वॉर' म्हणत असताना मी 'घातपात' लिहिलं तर ते भाषांतर झालं की दुरुस्ती?

तळटीप :
निवेदक 'वॉर' म्हणतो तिथे युद्धच लिहा. बोलणाऱ्याचं मत आपण बदलायचं नाही. पण त्या कृतीबद्दल बोलणं चाललंय तिथे, म्हणजे यंत्रं कशी मोडली, कुणी मोडली, तिथे घातपात खुशाल येऊ द्या. हा वाद तिकडेही आहेच. टॉमस रिड नावाचे अभ्यासक 2012पासून म्हणताहेत की ज्याला सायबरयुद्ध म्हणतात ते प्रत्यक्षात घातपात, हेरगिरी आणि सत्ता आतून पोखरणं या तीन जुन्याच गोष्टींचं नवं रूप आहे.

पोटकलम :
विमा आणि कायदा हा माझा धंदा, त्यामुळे 'शब्दांनी काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचं संगणक निकामी करणारं सॉफ्टवेअर सुटलं. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी वापरतात त्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते शिरलं आणि काही तासांत जगभर पसरलं. सोंग खंडणीचं होतं, पण पैसे भरून फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मार्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा आडवी झाली आणि तिचा फटका थेट आपल्या उरणला बसला. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे, तिथलं काम ठप्प झालं. रशिया-युक्रेनच्या भांडणात कंटेनर अडकले न्हावा-शेव्याला.

याच तडाख्यात सापडलेल्या मर्क या औषध कंपनीने विमा कंपन्यांकडे 140 कोटी डॉलरचा दावा लावला. विमा कंपन्या म्हणाल्या, पॉलिसीत 'शत्रुत्वाची किंवा युद्धसदृश कृती' वगळलेली आहे आणि हे रशियाच्या लष्कराचं काम आहे, म्हणजे युद्ध, म्हणजे छदाम मिळणार नाही. अमेरिकी सरकारने फेब्रुवारी 2018मध्ये रशियन लष्कराचं नाव घेतलेलंच होतं. तरीही न्यू जर्सीच्या कोर्टाने मर्कच्या बाजूने निकाल दिला. युद्ध या शब्दाचा सरळ अर्थ सशस्त्र सैन्यांचं युद्ध; तुम्हाला सायबर प्रकार वगळायचे होते तर कलमाची भाषा बदलायची होती, वर्षानुवर्षं तीच का ठेवलीत? 2023च्या मे महिन्यात वरच्या कोर्टानेही तेच धरलं, आणि जानेवारी 2024मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. इकडे लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने शहाणपण शिकून 2023पासून सरकारपुरस्कृत सायबर हल्ल्यांसाठी वेगळं वगळण्याचं कलम सक्तीचं केलं.

माहितीपटाच्या जाहिरातीत 'युद्ध' फुकट मिळतं. पॉलिसीत त्याची किंमत 140 कोटी डॉलर होती.

चिरेबंदी :
गनिमी कावा मागे घेतो. पण मग युद्ध कधीच म्हणायचं नाही का? युक्रेनमध्ये तर खरंखुरं युद्ध चालू आहे.

फीडर :
तिथे म्हणायचं. 24 फेब्रुवारी 2022च्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरण्याच्या तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेचे हजारो मोडेम निकामी केले गेले. जर्मनीतल्या 5,800 पवनचक्क्यांवरची दूरवरून देखरेखसुद्धा त्यात तुटली. फौजेच्या पुढे रस्ता मोकळा करणारं काम ते. त्याला युद्धाचा भाग म्हणायला माझी हरकत नाही.

पण 23 डिसेंबर 2015ची गोष्ट घ्या. युक्रेनच्याच इव्हानो-फ्रँकिव्स्क भागातल्या वीज नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी मोठी कळ, उघडत गेला. एकाने मोबाइलवर त्याचं चित्रणही केलं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तक्रार करायला फोन करावा तर कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा भडिमार. मग माणसं गाड्या काढून उपकेंद्रांत गेली, हाताने ब्रेकर बसवले आणि काही तासांत वीज आली. आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा, याला तो घातपातच म्हणेल.

आणि मुंबई. 12 ऑक्टोबर 2020, सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद. लोकल जागच्या जागी, बाहेरचं जाळं कोसळलं तरी शहराला वेगळं काढून वीज चालू ठेवणारी आयलँडिंगची व्यवस्थाही ऐन वेळी कामी आली नाही. पुढे 28 फेब्रुवारी 2021ला न्यूयॉर्क टाइम्सने रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीच्या अहवालाच्या आधारे चिनी हॅकर्सशी संबंध असू शकतो असं छापलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. आणि खुद्द रेकॉर्डेड फ्यूचरने अहवालात लिहिलं होतं की मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही. काकांचा मथळा इथे जसाच्या तसा बसतो. यावर 'चीनने युद्ध छेडलं' असं निवेदन लावून माहितीपट काढला तर तो बघवेल, पण खरा असेल का?

गारवेल :
ठरलं. कृतीला घातपात, निवेदकाच्या तोंडी युद्ध. आता फुटकळ शंका. 'वर्म'ला काय? 'नायट्रो झ्यूस'च्या भागात इराणच्या वीज, दळणवळण यंत्रणांत आधीच शिरून बसायचं आणि हुकूम आला की उडवायचं, असा बेत सांगितलाय. त्या शिरून बसण्याला काय? आणि ती जी बाई चेहरा झाकून गुप्तचर खात्यातलं सगळं सांगते, ती शेवटी नटी निघते. अनेकांनी सांगितलेलं तिच्या तोंडी घातलंय. तिच्या नावापुढे काय लिहू?

तळटीप :
'वर्म' तसाच ठेवा. जंत लिहिलंत तर प्रेक्षागृह हसेल, आणि विषाणू म्हणजे व्हायरस, तो वेगळा. वर्म स्वतःहून एका संगणकातून दुसऱ्यात सरकतो, व्हायरसला चिकटायला एखादी फाइल लागते. शिरून बसण्याला 'सुरुंग पेरून ठेवणे'. कुठे पेरलाय ते पेरणाऱ्यालाच माहीत आणि बत्ती त्याच्याच हातात, हे त्या दोन शब्दांत येतं. बाईंच्या संवादांना शेवटापर्यंत 'सूत्र' म्हणा. 'अधिकारी' नको, नाहीतर रहस्य उघडताना तुमचं उपशीर्षक खोटं ठरेल. एक नटी अनेकांचं बोलणं बोलते ही दिग्दर्शकाची युक्ती चतुर आहे, पण प्रेक्षक तासभर तिला एकच माणूस समजून विश्वास टाकतो, ते मला फारसं रुचलेलं नाही.

पोटकलम :
नावाचं काय करणार? 'शून्य दिवस' नका करू.

गारवेल :
नाव 'झीरो डेज'च. पहिल्यांदा शब्द येतो तिथे एक ओळ घालते आहे : 'कंपनीला अजून पत्ताच नसलेलं भोक, बुजवायला तिच्या हाती एकही दिवस नाही.' स्टक्सनेटने विंडोजमधली अशी चार भोकं वापरली होती. ओळ पडद्यावर दोन भागांत तोडावी लागेल. 'भोक' चालेल ना, की 'त्रुटी' लिहू?

फीडर :
भोकच लिहा. त्रुटी ऑडिट रिपोर्टात असतात.