श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे बघा

गावी गणपतीला घर भरलं की छातीत धडधड सुरू होते, त्या घबराटीवर 'दहा-बारा मोठे श्वास घ्या' असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. श्वासाचं खरं, पण भराभर मोठे घेतले तर उलटंच होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. लांबवायचा तो उच्छ्वास: नाकाने 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, छातीपेक्षा पोट हलू द्यायचं. पाचेक मिनिटं. मागच्या पडवीत जाऊन केलं तर कुणी विचारतही नाही. (पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखून घाम फुटत असेल, तर मोजत बसू नका, डॉक्टर गाठा.)

गोळ्यांबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. रोजच्या औषधाचं नेमकं सणातच चुकतं. पाकीट मुंबईत राहतं, नाहीतर हरतालिकेच्या निर्जळी उपासात गोळी टळते. नैराश्य-चिंतेवरचं व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध चुकलं तर एक-दोन दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात, आणि घरचे म्हणतात जागरण बाधलं. मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या बरोबर घ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, उपासाचं डॉक्टरांना आधीच विचारा. आरतीनंतरचा रात्रीचा चहा तेवढा टाळा, झोप तोच उडवतो. अगदीच अडलं तर मानसिक त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोन सेवा आहे, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.