मदत हवी आहे : शहर नियोजनातला विचारसरणीचा वाटा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. सत्तेतल्या पक्षाची विचारसरणी शहराच्या आराखड्यात नेमकी कुठे उमटते, यावर अभ्यास करतेय आणि एका ठिकाणी अडकलेय.

व्हिएन्नाचं उदाहरण स्पष्ट वाटतं. 1919 ते 1934 या काळात सोशल डेमोक्रॅट (डाव्या विचारांच्या) नगरपालिकेने साठ हजारांहून जास्त घरं बांधली. 1923 पासून खास गृहकर लावला, तोही असा की मोठ्या, महागड्या घरांवर जास्त बोजा पडेल. कार्ल मार्क्स-होफसारख्या वसाहतीत घरांबरोबर धुलाईघर, बालवाडी, वाचनालयही होतं. म्हणजे समावेशन भाषणात नव्हे, थेट नकाशात आणि करात होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

उलट ब्रिटनमध्ये उजव्या सरकारच्या 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) घरं सवलतीत विकत घेता आली. अनेक कुटुंबं मालक झाली, पण स्वस्त भाड्याच्या घरांचा साठा घटला.

गोंधळ सिंगापूरपाशी होतो. 1989 पासून तिथे सरकारने बांधलेल्या घरांच्या इमारतींत प्रत्येक वांशिक गटाच्या वाट्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. याला डावं म्हणायचं की उजवं? मला तरी दोन्ही लेबलं अपुरी वाटतात.

तर प्रश्न असा : निर्णय विचारसरणीमुळे झाला की पैसा, जमीन आणि वरच्या सरकारचे कायदे यांमुळे, हे वेगळं कसं काढायचं? अर्थसंकल्प तपासावा, की सत्तांतरानंतर काय टिकलं ते पाहावं? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झालेला लोकसहभागी अर्थसंकल्प (पालिकेचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्यात नागरिकांचाही वाटा) त्यासाठी उदाहरण म्हणून घ्यावा का? नगररचनेत किंवा पालिकेत काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.