जर्मनीची २१८: हायड्रॉलिकचा हट्ट की शहाणपण?

रूळवेडा
जर्मन रेल्वेची २१८ ही डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांची जात हळूहळू सेवेतून निघत चालली आहे, त्यामुळे जुना शेरा पुन्हा कानावर येतोय: सगळं जग डिझेल-इलेक्ट्रिककडे (डिझेलवर वीज बनवून मोटरने चाकं फिरवण्याकडे) गेलं, जर्मन मात्र हायड्रॉलिकला चिकटून बसले आणि फसले. मला हे साफ अमान्य आहे.

नवख्यांसाठी: हायड्रॉलिकमध्ये जनरेटर नाही, चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटर नाही. पंपाचं चक्र तेल जोरात फेकतं, त्याने टर्बाइन फिरतं आणि पुढे कार्डन शाफ्टने (सांधे असलेल्या फिरत्या दांड्याने) ताकद चाकांच्या चारही आसांना पोचते. फॉइथ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्सची गंमत म्हणजे वेगाचा टप्पा बदलताना एका कन्व्हर्टरमधलं (पंप-टर्बाइनच्या जोडीतलं) तेल निघून जातं, दुसऱ्यात भरतं. दात अडकवणं-सोडवणं नाही.

खरा फायदा वजनात. २१८ चं इंजिन २५०० अश्वशक्तीचं, नंतरची २८०० ची. वजन ८० टनांच्या आसपास, आस चार. आपल्या भारतीय रेल्वेची डिझेल-इलेक्ट्रिक डब्ल्यूडीएम-२ २६०० अश्वशक्तीची, पण ११२ टनांची आणि सहा आसांची. १९६८ ते १९७९ या काळात २१८ चारशेच्या वर बनल्या. फसलेला माल कोणी इतका बनवतं का?

गार्डाचा डबा
वजनाचं अर्धंच गणित मांडलंत. मालगाडी ओढायला रुळावर दाब लागतो. डब्ल्यूडीएम-२ जड आहे म्हणूनच ती माल खेचते. हलकं इंजिन मालगाडीला लावा आणि घाटात चाकं घसरताना बघा.

आणि जर्मनीबाहेर काय झालं? १९६१ मध्ये सदर्न पॅसिफिक आणि रिओ ग्रांदे या अमेरिकन कंपन्यांनी क्राउस-माफाई या जर्मन कंपनीची ४००० अश्वशक्तीची हायड्रॉलिक इंजिनं हौसेने नेली. डोंगरातल्या लांब बोगद्यांत ती तापायला लागली, वर्कशॉपवाले वैतागले, १९६८ पर्यंत खेळ खल्लास. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजननेही (पश्चिम विभागाने) व्ही २०० या जर्मन हायड्रॉलिक इंजिनावरून 'वॉरशिप' बनवली, पुढे 'वेस्टर्न' काढली. १९७७ ला तिथली शेवटची हायड्रॉलिक गेली.

रूळवेडा
घसरण्याचं उलट आहे हो. बोगीतले (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातले) दोन्ही आस शाफ्टने एकमेकांना बांधलेले, त्यामुळे एकटं चाक सुटून फिरतच नाही. ब्रिटनमध्ये तर एकाच रीजनकडे चार-पाच जातींची हायड्रॉलिक इंजिनं. बाकी ब्रिटन डिझेल-इलेक्ट्रिकवर. त्यात तंत्राचा काय दोष?

शेडवाले काका
बांधलेले आस ऐकायला छान. एका आसाची चाकं लेथवर चढली की जोडीच्या आसाचीही चढवायची, नाहीतर व्यास जुळत नाहीत आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये एक मोटर जळाली तर तिचा जोड तोडून बाकीच्यांवर गाडी शेडपर्यंत येते. इथे गिअरबॉक्स गेला की इंजिन जागेवर उभं.

मात्र हायड्रॉलिकला सरसकट नावं ठेवू नका. चित्तरंजन कारखान्याची डब्ल्यूडीएस-४ माक या जर्मन कंपनीच्या इंजिनावरच बेतलेली, हायड्रॉलिकच, आणि यार्डात वर्षानुवर्षं बिनबोभाट राबली. हेन्शेल या जर्मन कंपनीची डब्ल्यूडीएम-३ ही मोठी हायड्रॉलिक इंजिनं मात्र आंध्रातल्या गुत्ती शेडला मोजकीच आली. मोजक्या इंजिनांसाठी सुटे भाग कोण सांभाळणार?

म्युनिककर
इथे राहते म्हणून लिहिते. डिसेंबर २०२० पर्यंत म्युनिक–झुरिक गाड्यांना लिंडाऊपर्यंत दोन-दोन २१८ लागायच्या. वाटेतल्या केम्पटेनच्या फलाटावर त्या सुटताना छतातून काळा धूर उसळायचा आणि खिडक्या थरथरायच्या. त्यांना कोणत्या डिझेल-इलेक्ट्रिकने घालवलं नाही, मेमिंगेनमार्गे विजेच्या तारा आल्या म्हणून गेल्या. आजही आयसीई ही वेगवान गाडी बंद पडली की ओढायला २१८ च धावते.

गार्डाचा डबा
ताई, केम्पटेनची लाइन अजून बिनतारेचीच आहे ना? मग तिथल्या म्युनिकच्या लोकल गाड्या कोणी घेतल्या? २४५ ने. डिझेल-इलेक्ट्रिक! थ्री-फेज (एसी) मोटर आली आणि रूळवेड्यांचा वजनाचा मुद्दा संपला. मोटर हलकी, कार्बन ब्रश नाहीत, धुळीचं भय कमी.

म्युनिककर
घेतल्या, मान्य. पण २४५ मध्ये चार छोटी डिझेल इंजिनं आहेत, म्हणजे देखभालीलाही चार. उत्तर जर्मनीतल्या सिल्ट बेटाच्या मार्गावर २४५ आली तरी २१८ लगेच हटली नाही, नव्यांच्या अडचणीला तीच धावायची.

रूळवेडा
थ्री-फेजचं १९८० नंतर खरं, मी नाकारत नाही. पण २१८ चा निर्णय १९६० च्या दशकातला. तेव्हा जर्मनांसमोर पर्याय होता तो डीसी मोटरचा, जड आणि ब्रशवाला. त्या वेळी ८० टनांत एवढी ताकद, वर डबे गरम ठेवायला वीज, १४० चा वेग. तुम्ही असतात तर काय निवडलं असतंत?

गार्डाचा डबा
डीसी मोटरच. आणि फॉइथने २००६ मध्ये ३६०० किलोवॅटची हायड्रॉलिक मॅक्सिमा काढली, तेव्हा तर थ्री-फेज घरोघरी होती. किती थोड्या विकल्या गेल्या ते बघा आणि मग बोलू.