डायक्लोफेनॅकची ऑर्डर असूनही इंजेक्शन का थांबवले?

विद्यार्थिनी, जीएनएम (नर्सिंग पदविका) तिसरे वर्ष, सांगली
तासगाव भागातील एक वयस्कर शेतकरी जुलाब-उलट्यांनी बेजार होऊन आमच्या वॉर्डात दाखल झाले. रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी घेतात. गुडघे फार दुखत असल्याने केस पेपरवर गरजेनुसार डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक ७५ मिलिग्रॅम स्नायूत देण्याची ऑर्डर होती. परंतु इन्चार्ज सिस्टरांनी ते थांबवून डॉक्टरांना फोन केला आणि त्याऐवजी पॅरासिटामॉल सुरू झाले. रुग्णाला अल्सरचा त्रास नव्हता, शिवाय पॅन्टोप्राझोलही चालू होते. मग अडचण कोणती होती?

फार्माकॉलॉजीचे शिक्षक, मिरज
अडचण मूत्रपिंडाची होती, आणि पॅन्टोप्राझोल जठराला जपते, मूत्रपिंडाला नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधे कॉक्स हे विकर अडवून प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाची निर्मिती रोखतात; अ‍ॅस्पिरिनच्या संदर्भात जॉन वेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवून दिले. प्रोस्टाग्लँडिन घटले की सूज आणि वेदना उतरतात, मात्र अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म धमनी रुंद ठेवण्याचे कामही तेच करते, तर गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी अँजिओटेन्सिन या संप्रेरकामुळे आवळलेली राहते आणि त्यामुळे आतला दाब टिकतो. या रुग्णाचे पाणी जुलाबांनी आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडने घटवले होते, अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनने बाहेरची वाट सैल केली होती. त्यात डायक्लोफेनॅकने आत येणारी वाटही अरुंद केली असती, तर लघवी कमी होऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साचणारा घटक) चढण्याचा धोका होता. बीपीची गोळी नसली तरी, उन्हात ऊस तोडून पुरेसे पाणी न पिता मेडिकलमधल्या गोळीवर अंगदुखी रेटणाऱ्यांनाही काही प्रमाणात हा धोका असतोच.

स्टाफ नर्स, सातारा
सरांनी कारण सांगितले, मी वॉर्डातले सांगते. 'कोणती औषधे चालू आहेत?' या प्रश्नाला रुग्ण बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात. गुडघ्याची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. म्हणून नातेवाइकांना घरातली गोळ्यांची पिशवी आणायला सांगावे आणि प्रत्येक पाकिटामागची घटकांची नावे स्वतः वाचावीत. अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल अशी जोडगोळी तिथे हमखास सापडते, आणि ती लक्षात न घेता वरून पॅरासिटामॉल दिले तर बेरीज चुकते. प्रौढांसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असल्यास, यकृताचा आजार किंवा दारूचे व्यसन असल्यास ती आणखी खाली येते. लघवीचे मोजमाप अंदाजे लिहू नये. ६० किलोच्या रुग्णाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल, तर डॉक्टरांना कळवावे. दमा, काळी शौच आणि रक्त पातळ करणारी गोळी यांविषयीही इंजेक्शन भरण्यापूर्वीच विचारावे.

विद्यार्थिनी
आभारी आहे. सलाईनने पाणी भरून निघाल्यावर डायक्लोफेनॅक देता येईल का?

फार्माकॉलॉजीचे शिक्षक, मिरज
तो निर्णय क्रिएटिनिन पाहून डॉक्टरच घेतील, आणि दिलेच तर कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. पॅरासिटामॉल वेदना कमी करते, सूज फारशी नाही. त्यामुळे गुडघा सुजलेला असल्यास डायक्लोफेनॅकचा जेल चालेल का, असे राउंडला अवश्य विचारा. जेलमधून रक्तात औषध फार थोडे उतरते.