आइसलँडमधील धबधबे: सात दिवसांत कोणते पाहावेत?

पाऊलवाट:
सप्टेंबरच्या पूर्वार्धात मी, यजमान आणि सत्तरीच्या सासूबाई असे तिघे सात दिवसांसाठी आइसलँडला जात असून, गाडी भाड्याने घेऊन स्वतःच फिरणार आहोत. धबधबे हेच मुख्य आकर्षण आहे. परंतु त्यांची यादी संपता संपत नाही आणि छायाचित्रांत सगळेच सारखे भव्य दिसतात. बेटाला वळसा घालणारा रिंगरोड १,३०० किलोमीटरहून लांब आहे, हे वाचल्यापासून धाकधूक वाटते. वळसा पूर्ण करावा की दक्षिणेतच राहावे? सासूबाईंच्या गुडघ्यांना चढ मानवत नाही.

डोंगरयात्री:
माझ्या मते दक्षिणेतच राहावे. गुलफॉसपासून सुरुवात करा. (‘फॉस’ म्हणजेच धबधबा, त्यामुळे ‘गुलफॉस धबधबा’ ही द्विरुक्ती होते, पण ती आपण सगळेच करतो.) येथे ह्विताउ नदी ११ आणि २१ मीटरच्या दोन टप्प्यांत कोसळून अरुंद घळीत शिरते, आणि वरून पाहणाऱ्याला ती जणू जमिनीतच गडप झाल्यासारखी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे वीजनिर्मितीचा घाट घातला गेला, तेव्हा जवळच्या शेतावरील सिग्रिदुर तोमासदोत्तिर या स्त्रीने त्याविरुद्ध चिकाटीने लढा दिला. तिचे वकील स्वेन ब्यॉर्नसन पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तिचे स्मृतिशिल्प तेथे आहे, ते चुकवू नका.

त्यानंतर सेल्यालांड्सफॉस. सुमारे ६० मीटरवरून पडणाऱ्या या धारेच्या मागे कपारीतून पायवाट जाते. आत शिरल्यावर पाण्याच्या पडद्यापलीकडचे हिरवे सपाट मैदान थरथरताना दिसते, आणि कॅमेऱ्याची काच पुसेपर्यंत पुन्हा भिजलेली असते. वाट निसरडी आहे, दगड उंचसखल आहेत. सासूबाईंनी समोरूनच पाहावा. पुढचा स्कोगाफॉस मात्र खास त्यांच्यासाठीच आहे असे समजा: तितकाच उंच, पंचवीसेक मीटर रुंद, आणि पायथ्यापर्यंत सपाट काळी वाळू व गोटे. ऊन असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य हमखास दिसते. माथ्यावर जाणाऱ्या पाचशेहून अधिक पायऱ्या तुम्ही दोघांनी चढाव्यात.

कातळवेडा:
वरील उत्तरात एक भर घालतो. सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस ज्या कड्यावरून पडतात, तो एके काळी समुद्रकिनारा होता. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर आली, हिमनद्यांनी आणलेल्या गाळाने पुढे मैदान तयार झाले, आणि आता समुद्र काही किलोमीटर दूर गेला आहे. रस्त्यावरून हा कडा सलग दिसतो, म्हणून गाडीतला वेळही वाया जात नाही.

याच रस्त्याने पूर्वेला स्काफ्ताफेल या ठिकाणापर्यंत जाणार असाल, तर स्वार्तिफॉस वगळू नका. उंची जेमतेम वीस मीटर, परंतु लाव्हा सावकाश थिजताना आकसून, भेगाळून बनलेले काळे षट्कोनी खांब त्याच्या दोन्ही बाजूंना छतावरून लोंबत असल्यासारखे दिसतात, आणि खाली त्यांचेच धारदार तुकडे पडलेले असतात. वाट मात्र चढाची आहे.

उत्तरध्रुव:
मी असहमत आहे. उत्तरेतील देत्तिफॉस पाहिल्याशिवाय आइसलँडच्या पाण्याचा जोर कळत नाही. ४४ मीटर उंच, सुमारे शंभर मीटर रुंद, आणि वात्नायोकुत्ल हिमनदीच्या गाळामुळे सिमेंट कालवल्यासारखे राखाडी पाणी. त्याला सुंदर म्हणायला जीभ धजावत नाही, पण त्याच्यासमोर मनुष्य गप्प होतो. नदीच्या पश्चिमेकडील ८६२ क्रमांकाचा रस्ता डांबरी आहे. वाहनतळापासून मात्र खडकाळ वाट चालावी लागते. उत्तरेतल्याच गोदाफॉसला हा त्रास नाही, तो रिंगरोडलगतच आहे.

डोंगरयात्री:
देत्तिफॉसविषयी दुमत नाही. परंतु सात दिवसांत वळसा पूर्ण केल्यास रोज कित्येक तास गाडीत जातील, आणि सत्तरीच्या व्यक्तीला ते चढापेक्षाही जाचक ठरेल. दहा दिवस असते, तर मीही उत्तरेला जा म्हटले असते.

पाऊलवाट:
सर्वांचे आभार. दक्षिणेचे नक्की केले. स्वार्तिफॉसला आम्ही आळीपाळीने जाऊ. सासूबाई विचारत आहेत, छत्री घ्यावी का?

कातळवेडा:
नको. तेथील वाऱ्यापुढे छत्रीचा टिकाव लागत नाही. पाणी न शिरणारे जाकीट, तशीच विजार आणि चांगल्या पकडीचे बूट घ्यावेत, आणि गाडीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे.