प्रोबमधलं एनेबल आणि गळणारा काउंट

लिनक्स ड्रायव्हरमध्ये रनटाइम पीएम (वापर नसताना डिव्हाइस झोपवायची कर्नलची सोय) चालू करायला ‘प्रोबच्या (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) शेवटी पीएम_रनटाइम_एनेबल टाकलं की झालं’ असं आधीच्या एका पोस्टमध्ये लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. कर्नलच्या हिशेबी प्रत्येक डिव्हाइस सुरुवातीला सस्पेंडेडच (झोपलेलंच) असतं. प्रोबमध्ये क्लॉक आपणच चालू केला असेल, तर एनेबलच्या आधी पीएम_रनटाइम_सेट_ॲक्टिव्ह (डिव्हाइस जागं आहे असं कर्नलला सांगणारा कॉल) हवंच. नाहीतर पहिल्या गेटला (डिव्हाइस वापरायला मागणाऱ्या कॉलला) रिझ्यूम कॉलबॅक (डिव्हाइस जागं करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) क्लॉक पुन्हा एनेबल करतो, सस्पेंडमध्ये डिसेबल मात्र एकदाच होतं, आणि क्लॉक कधीच बंद होत नाही.

शिरोलीतल्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा जो बोर्ड चर्चेत आहे, त्याची बॅटरी रात्रीत उतरते म्हणताय, तर एरर पाथ (कॉल फसल्यावर चालणारा कोड) तपासा. पीएम_रनटाइम_गेट_सिंक फसलं तरी युसेज काउंट (डिव्हाइस सध्या किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) वाढवूनच येतं. तिथून नुसतं रिटर्न केलं, की पुढे रिझ्यूम यशस्वी झाला तरी काउंट शून्यावर येत नाही, म्हणजे डिव्हाइस झोपतच नाही. हमखास होणारी चूक आहे ही! कर्नल ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते फसल्यावर काउंट स्वतःच उतरवतं. जुन्या कर्नलवर पीएम_रनटाइम_पुट_नोआयडल (काउंट एकनं उतरवणारा कॉल) हातानं लिहा. अर्थात त्याआधी सिसएफएसमधल्या (कर्नलची डिव्हाइसविषयीची माहिती नि सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) पॉवर/कंट्रोलमध्ये ‘ऑटो’ आहे ना, तेवढं बघा. तिथं ‘ऑन’ असेल तर ड्रायव्हर कितीही नीट लिहिला तरी रनटाइम_स्टेटस ‘ॲक्टिव्ह’च दिसणार.